गाळमास्तरांचा उतारा

आत्याबाईंनी मास्तरांच्या सदऱ्याची गचांडी धरली आणि विचारलं, "तिकटीवरचा उतारा तुमचा हाय का न्हाई, तेवढं बोला."

मास्तर म्हणाले, "हो, माझाच आहे."

वर हसले. शाळेत गुरुजींनी नाव घेतल्यावर पोरगं हसतं तसे.

अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. मी सोप्यात कणगीशेजारी घोंगड्यावर पडले होते. आठवा महिना संपत आला होता. अंगात ताप होता, सकाळपासून कळा येत होत्या आणि अंगावरून जात होतं. दवाखाना तीन कोसांवर, इस्लामपुरात. दारात शेजारच्या नानांचा ट्रॅक्टर ट्रॉली जोडून उभा होता, ट्रॉलीत गवत अंथरून झालं होतं. पण इस्लामपूरचा रस्ता तिकटीवरून, तीन वाटा मिळतात तिथून जातो. तिकटीवर उतारा पडलेला, आणि शनिवारी भर बाराला मी तो ओलांडलेला. बाधा झालेल्या बाईला परत त्याच उताऱ्यावरून न्यायची कुणाची छाती नव्हती. ज्यानं टाकला त्यानं उचलला तरच गाडी हलणार होती.

"चेटक्या हाय ह्यो," कुणीतरी म्हणालं. "कबूल झाला बगा."

मी देवाचं नाव घेतलं नाही. मला एवढंच वाटलं, की ह्या माणसाच्या तोंडात कुणीतरी बोळा कोंबावा आणि मला ट्रॉलीत टाकावं.

मास्तर आमचे भाडेकरू. आत्याबाई म्हणजे माझी सासू. माझा नवरा पलटणीत, वर बर्फात कुठंतरी. घरात आम्ही दोघी, एक म्हैस आणि पुढच्या खोलीत मास्तर. तालुक्याच्या कॉलेजात ते प्राण्यांचं शास्त्र शिकवायचे. गाळमास्तर हे नाव त्यांना गावानं ठेवलं.

राहायला आले ते बैलगाडीतून. एक ट्रंक, एक वळकटी आणि पेंढ्यात बसवलेल्या बारा काचेच्या बरण्या. बरण्या उतरवताना गाडीवानाला म्हणाले, "घाई नाही." हे त्यांचं पालुपद. जेवायला हाक मारली की घाई नाही. खोलीला आग लागली असती तरी तेच म्हणाले असते.

आत्याबाईंनी बरण्या बघून विचारलं, "लोणचं हाय का?"

"समुद्राचा तळ आहे," मास्तर म्हणाले.

तरुणपणी ते कुठल्याशा परदेशी जहाजावर चार महिने राहून पार दक्षिणेला, बर्फाच्या समुद्रात जाऊन आले होते. लोखंडी जबडा दोरानं खाली सोडायचा, तळाचा गाळ वर ओढायचा आणि बरणीत भरायचा, हे त्यांचं तिथलं काम. निघताना जहाजावरच्या साहेबानं बारा ठिकाणच्या बारा बरण्या त्यांच्या हवाली केल्या. ह्यातली जित्राबं निवडा, मोजा, तोला आणि त्या तळाला वर्षाकाठी काय पिकतं ते कळवा, असं सांगितलं. त्याला दहा वर्षं झाली होती. मास्तरांनी तीनच बरण्या उघडल्या होत्या.

"किती खोल हाय ती हीर?" आत्याबाईंनी विचारलं.

"विहीर नाही, समुद्र. शंभर परस खोल."

आमची विहीर सात परस, म्हणजे सात माणसं एकावर एक. आत्याबाईंनी एक बरणी उचलून उजेडात धरली. मग म्हणाल्या, "एवढं खणून चिखूलच लागला व्हय?"

त्या समुद्राला मास्तर 'आमच्याकडे' म्हणायचे. ते मूळचे सांगलीचे. पण आमच्याकडे म्हटलं की सांगली नव्हे. चैताच्या उन्हात उसाचा पाला तडतडत असायचा आणि हे ओसरीवर बसून म्हणायचे, "आमच्याकडे आता रात्र सुरू झाली असेल. सहा महिने दिवा मालवायचा नाही." अंगात जहाजावरचा लोकरीचा स्वेटर, डोक्याला टोपी. मी हसले तर म्हणाले, "तुमच्याकडचा धनगर उन्हात घोंगडं पांघरतो, तो काय वेडा आहे?" माझं माहेर वडूजच्या पलीकडं, तिथं मी हे रोज बघितलेलं. त्यामुळं तेवढं मला पटलं. बाकीचं फारसं पटलं नाही.

काम मात्र मी बघितलं आहे. पुष्कळदा केलंही आहे. मी चौथी शिकले, पण माझी मोजणी चुकत नसे. बहात्तरच्या दुष्काळात माहेरी खडीच्या कामावर होते, तिथं घमेली मोजून मोजून सवय झालेली. मास्तर गाळावर गुलाबी पूड टाकत. त्यानं मातीतलं जित्राब तेवढं गुलाबी होतं आणि डोळ्याला सापडतं. मग गाळ माझ्या पिठाच्या चाळणीत धुवायचा. चाळणी एकदा गेली ती परत स्वयंपाकघरात आली नाही. चाळणीत राहील ते परातीत घेऊन चिमट्यानं निवडायचं. किडे एकीकडं, शिंपले एकीकडं, पाच पायांच्या चांदण्या एकीकडं. शिंपल्यावरच्या रेघा मोजून वय काढायचं, आपण बैलाचे दात बघतो तसं. अंगठ्याएवढा एक शिंपला त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "मोजा." मी साठ मोजल्या.

"साठ वर्षं?" मी म्हटलं. "आणि एवढाच?"

"घाई नाही," मास्तर म्हणाले.

आत्याबाई तेव्हा साठीच्याच. शिंपला बघून म्हणाल्या, "ह्येला खायाला घालत न्हवते का?"

आता उतारा हा शब्द त्यांच्या तोंडी कसा बसला ते सांगते, कारण सगळं त्यावरच घडलं.

नाना एकदा भुईमुगाच्या शेंगा घेऊन ओसरीवर आले. ते पक्के ऊसवाले. जगात कशाबद्दलही त्यांचा प्रश्न एकच.

"मास्तर, त्या तुमच्या समुद्राला एकरी उतारा काय पडतो?"

मास्तरांची शेंग हातातच राहिली. दहा वर्षांत त्यांना कुणी नीट प्रश्न विचारला नव्हता. कॉलेजात ते 'उत्पादकता' म्हणायचे आणि पोरं झोपायची.

"काय म्हणालात? उतारा?"

"आवं, उतारा. म्हंजे निघतंय किती!"

मास्तरांनी वहीत शब्द लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडेमोड करून, स्वेटर घालून नानांच्या दारात उभे. "नाना, गुंठ्याला पोतंभर जित्राब."

"बेस हाय की!"

"पण वर्षाला नवी भर पडते ती पायलीभर."

"आन मग बाकीचं पोतं?"

"जुनं. तिथं थंडी इतकी, की कुणी लवकर वाढत नाही आणि लवकर मरतही नाही. सगळे म्हातारे आपापल्या जागा धरून बसलेले."

नानांनी विचार केला. "आमच्या सोसायटीच्या कमिटीवानी," ते म्हणाले.

मास्तर इतके खूश झाले की त्या दिवसापासून त्यांनी उत्पादकता सोडली आणि उतारा धरला. "आज दोन नंबरचा उतारा काढतोय." "थंड पाण्याचा उतारा कमी, पण शिल्लक मोठी." कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनी त्यांना बोलावून विचारलं म्हणे, की तुम्ही साखर कारखान्यात अर्ज केला आहे का. आमच्या बोलण्यातले शब्द त्यांना फार आवडत. पण शब्द ते बाजारातून एकच भांडं आणावं तसा आणायचे, आणि त्यात आणखी काय काय शिजतं ते विचारायचे नाहीत. उसाचा उतारा त्यांना कळला. सातबाऱ्याचा उतारा तलाठ्यामुळं ठाऊक होता. तिसरा उतारा, जो लिंबू-भात ओवाळून तिकटीवर ठेवतात, तो सांगलीच्या शिकल्या-सवरल्या घरात कुणी दाखवला नसावा.

धुतलेला गाळ ते आधी आमच्या उकिरड्यावर टाकायचे. आत्याबाई कडाडल्या. "खारा चिखूल हाय त्यो. खत हून उसाला गेला तर रान खारवंल. लांब न्या."

तेव्हा आमच्या भागात चांगली चांगली रानं मीठ फुटून पांढरी पडत होती. त्यामुळं आत्याबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मास्तरांनी ते मनावर घेतलं. कुणाच्याच सातबाऱ्यात नाही अशी जागा कुठली, हे तलाठ्याला जाऊन विचारलं. तलाठी म्हणाला, तिकटी. झालं.

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस. त्यामुळं आठवड्याचा गाळ शनिवारी. बाराला घरी यायचे, त्यामुळं भर बाराला. हात बरबटायला नकोत म्हणून गाळ पत्रावळीवर. गाळ गुलाबी, त्यात शिंपल्यांचे पांढरे तुकडे, लांबून बघितलं तर कुंकू कालवलेला भात. हाताचा घाण वास जावा म्हणून लिंबू चिरून चोळायचे आणि दोन्ही फोडी त्याच पत्रावळीवर टाकायचे. वर परत येताना मागं वळून बघायचे नाहीत, कारण त्यांना कधीच कशाकडं वळून बघायची सवय नव्हती. देवरुष्यानं चार पैसे घेऊन शिकवला असता तर इतका बिनचूक उतारा त्यांना जमला नसता.

आणखी एक सांगायला हवं. पिकणं म्हणजे वाढलेलं वजन, हे मास्तरांनी धरून ठेवलं होतं. गुऱ्हाळाचा जुना काटा आमच्या पडवीत पडलेला. त्यावर ते जेवणाआधी आणि जेवणानंतर उभे राहायचे आणि खाल्लेल्या भाकरीतलं अंगी किती लागलं ह्याचा अदमास घ्यायचे. एकदा आत्याबाई बाजाराला गेल्या होत्या, तेव्हा मी त्या काट्यावर चढले. पंधरा दिवसांनी परत चढले. मास्तरांनी वहीत बघितलं.

"ह्या घरात वाढ चालू आहे ती फक्त तुमची," ते म्हणाले. "आणि ही एकाची वाढ नाही. दोन असावेत."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी झाडणी घेतली असती. पण त्यांच्या तोंडी ते गाळाबद्दल बोलल्यासारखंच वाटलं. मी आत्याबाईंना सांगितलं नाही. काट्यावर चढल्याचं सांगावं लागलं असतं.

त्या शनिवारी रानात भाकरी देऊन मी परत येत होते. ऊन डोळ्यांवर आलेलं, डोक्यावर पाटी. तिकटीवर पाय ओल्यात पडला. बघितलं तर गुलाबी. मी ओळखलं, मास्तरांचा गाळ. घरी येऊन आत्याबाईंच्या देखत पाय धुतला आणि विसरले. सोमवारी ताप भरला. मंगळवारी कळा.

हे मी सांगितलं का? सांगितलं. दोनदा सांगितलं. "आत्याबाई, त्यो उतारा न्हाई, मास्तरांचा चिखूल हाय." पण बाधा झालेली बाई जे बोलते ते तिचं बोलणं नसतं, असं आत्याबाईंनी बोलावलेल्या देवरुष्यानं आधीच बजावून ठेवलं होतं. त्यामुळं माझं तोंड निकामी झालं. मास्तरांचं तोंड चालू होतं, ते आणखी वाईट.

देवरुषी अंगणात पाटावर बसला होता. त्यानं मास्तरांना विचारलं, "कुठनं आणलंय ह्ये?"

"दक्षिणेकडून," मास्तर उत्साहानं म्हणाले. "पार दक्षिणेकडून. त्याच्यापुढं दक्षिण नाहीच."

अंगण गार झालं. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. तिकडं तोंड करून आम्ही जेवायलासुद्धा बसत नाही.

"किती खोलीवरनं?"

"शंभर परस."

"पाताळच की," नाना पुटपुटले आणि ट्रॅक्टरपासून दोन पावलं मागं सरले.

"आन त्यात जीव हायती?"

"होते. आता स्पिरिटमध्ये आहेत. काहीकाही साठ-साठ वर्षांचे. बघा, तिथं पाणी इतकं थंड, की—" आणि मास्तरांनी शिकवायला सुरुवात केली. थंडीत अंग हळू चालतं. खाणं वर्षातून दोन-तीन महिनेच वरून पडतं. म्हणून शिल्लक मोठी पण भर कमी. सदऱ्याची गचांडी आत्याबाईंच्या मुठीत आणि हे उतारा समजावून सांगताहेत. मला कळ आली ती जाईपर्यंत त्यांचा एक प्राणी संपला आणि ते दुसऱ्याकडं वळले.

"मास्तर!" मी आतून ओरडले. "शिकवणं बंद करा! ते म्हणत्यात ते करा, आन मला न्या!"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सोप्याकडं बघितलं. घोंगडं बघितलं. त्यावरचा डाग बघितला.

देवरुषी म्हणाला, "ज्यानं टाकला त्यानं उचलायचा. आन त्येच्या समद्या बरण्या बाईवरनं उतरवून वढ्यात रित्या करायच्या. येक ठिवायची न्हाई."

"त्यातल्या नऊ मी अजून उघडल्यासुद्धा नाहीत," मास्तर म्हणाले. "पुन्हा तिकडं जाता येत नाही हो. मला कोण नेणार?"

"मग बाईला बी कोण न्हेणार?" देवरुषी म्हणाला.

मास्तरांनी आत्याबाईंचा हात गचांडीवरून सोडवला. "हिच्या पोटात दोन आहेत," ते म्हणाले. "जीव तीन आहेत. घाई करा."

घाई करा हे त्यांच्या तोंडून मी तेवढंच एकदा ऐकलं.

बरण्या त्यांनी स्वतः आणल्या. एकेक माझ्यावरून तीनदा फिरवायची, मग मागच्या दारानं ओढ्याकडं पळत जायचं, रिती करायची, पळत परत यायचं. फिरवताना ते बरणीवरची चिठ्ठी वाचत होते. मला वाटतं, निदान एकदा कुणीतरी ती मोठ्यानं वाचावी असं त्यांना वाटलं असावं. "जागा चौथी. खोली नव्वद परस. तळ मऊ, करडा. बर्फ दोन कोसांवर." "जागा पाचवी. खोली एकशे वीस परस. गोटे आणि शेवाळी कीटक."

देवरुषी हात जोडून म्हणाला, "मंतर लय कडक हाय गड्या ह्येचा."

मी मोजत होते. कळा येत असल्या तरी मोजणी चुकत नाही. अकरा झाल्या. बारावी त्यांनी खोलीतून आणली, उंबऱ्याशी थांबले आणि पायानं हळूच कणगीमागं सरकवली. माझ्या उशापासून हातभर अंतरावर. त्यांनी मला बघताना बघितलं. मला ट्रॉली हवी होती, बेरीज नको होती.

"झाल्या," मास्तर म्हणाले. आणि ट्रॉलीच्या पुढं, टोपी न घालता, तिकटीपर्यंत धावत गेले. तीन दिवस वाळून खपली झालेली पत्रावळ त्यांनी उघड्या हातांनी उचलली आणि छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. नानांनी ट्रॅक्टर त्यांच्यासमोरून नेला. आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघून थुंकून टाकलं, नजर लागू नये म्हणून.

पुढं त्यांचं काय झालं तेही सांगून टाकते. तीन बरण्यांवर त्यांनी जे लिहिलं ते परदेशात पाठवलं. उत्तर आलं, की तीनच जागांवरून एवढ्या मोठ्या समुद्राचं काही सांगता येत नाही. वर्षभरानं ते सांगलीला गेले आणि तिथं हायस्कुलात लागले. जाताना चाळणी परत देऊ लागले. मी घेतली नाही. आत्याबाई मरेपर्यंत सांगत, की मास्तर माणूस वाईट, पण उतारा काढावा तर त्यानंच. गावात पाच-सहा वर्षं लोक त्यांच्या रिकाम्या खोलीपाशी येऊन विचारायचे, दक्षिणेचे मास्तर कुठं गेले, आमच्या म्हशीचं बघायचं होतं. ओढ्यात गाळ ओतला तिथं काही उगवलं नाही की काही मेलं नाही.

दवाखान्यात मला आधी मुलगी झाली. बारकी, पण रडली. मागून मुलगा आला, तो रडला नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तर आले. इस्लामपूरपर्यंत सायकल मारून आले होते. स्वेटर नव्हता. खाटेशी उभे राहिले. हातात पिशवी, पिशवीत बरणी. बरणी रिकामी होती आणि धुतलेली होती.

"मी एक ठेवली होती," ते म्हणाले.

"ठाऊक हाय," मी म्हटलं.

"बारावी जागा सगळ्यात खोल होती. मला वाटलं, एक राहिली तर काय होतंय." त्यांनी बरणी पिशवीतून काढली. "मुलाचं कळलं. म्हणून आत्ता नळाशी ओतून आलो. उशीर झाला. मी मोजून अकरा दिल्या, आणि तुमचं—"

अख्ख्या गावात उताऱ्यावर मनापासून विश्वास बसलेला एकच माणूस, आणि तो सायन्सचा मास्तर.

"मास्तर, खाली बसा," मी म्हटलं. "डाक्टरीणबाईंनी पोराची कातडी बघितली. त्या म्हणाल्या, ते आठ-दहा दिवस आधीच गेलं होतं. तापबी त्येचाच. तुमच्या शनवारच्या आधी."

"नक्की शनिवारच्या आधी?"

"व्हय."

"आठ दिवस तरी?"

"आठ तरी."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तिसऱ्यांदा सांगितलं. मग त्यांनी हातातल्या बरणीत बघितलं. आत काही नव्हतं. बाहेर दवाखान्याच्या नळाखाली गटार होतं, ते पुढं वाहत होतं.

"म्हणजे ट्रॉलीत तुम्ही तिघं नव्हता," ते म्हणाले.

नव्हतो. दोघीच होतो. दोघी जगलो.